गोष्ट वाचणाऱ्याचंही नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण एका निवृत्त शिक्षकांचं पत्र छापलंत. कानात बोंडं घालून पुस्तक ऐकणं म्हणजे जेवणाऐवजी सलाईन लावून घेणं, असं त्यांनी लिहिलं आहे. वर, हे लोक ऐकतात तरी काय, तर प्रेमकथा, चेटकिणी आणि यंत्रमानव, असा टोमणाही मारला आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं. डोळ्यांनीच वाचलं. सर म्हणतात त्या तिन्ही गोष्टी मी ऐकते आणि बहुतेक एकाच आठवड्यात ऐकते, म्हणून म्हटलं उत्तर आपणच द्यावं.

मी सांगलीत गावभागात ब्लाऊज शिवते. 31 वर्षं झाली. एरवी दिवसाला अस्तराचे तीन-चार, लग्नसराईत पाच-सहा, फॉल-पिको वेगळं. या धंद्यात डोळे सुईवर, हात कापडावर आणि पाय मोटरच्या पायडलवर अडकलेले असतात. कान तेवढे दिवसभर रिकामे. पुस्तक हातात घ्यायचं तर रात्री साडेदहानंतर, आणि तेव्हा तिसऱ्या ओळीला चष्मा छातीवर आणि मी घोरतेय असं होतं. सरांचं सलाईन एका अर्थी बरोबरच आहे. ज्याला तोंडानं जेवता येत नाही त्यालाच ते लावतात ना?

हे ऐकण्याचं वेड लागलं ते 2019 च्या पुरात. त्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई आधी गल्लीत आली, मग उंबऱ्यात आली, मग माळ्याच्या पायऱ्या चढायला लागली. मशीन आम्ही पाटावर ठेवली, पाटावरून टेबलावर ठेवली, तरी मोटर गेलीच. ह्यांनी जमवलेले दिवाळी अंक आणि माझ्या वडिलांच्या दोन ट्रंका पुस्तकं यांचा लगदा झाला. बारा दिवस आम्ही तासगावला माझ्या बहिणीकडे होतो. हाताला काम नाही आणि टीव्हीवर दिवसभर आपलंच गाव पाण्यात. शेवटी भाचीनं तिच्या मोबाईलवर एक गोष्ट लावून दिली. म्हणाली, "मावशी, बातम्या बंद कर आणि हे ऐक."

गोष्ट अशी की, एक मुलगी शहरात खोली भाड्यानं घेते, खोलीत आधीपासून एक भूत राहत असतं, आणि ते निम्मं भाडं देत नाही म्हणून दोघांची रोज भांडणं. बस, एवढंच. कुणी मरत नाही, कुणाचा खून होत नाही (भूत तर आधीच मेलेलं). मी गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरींमागं उभी राहून हसले, आणि मग मलाच कसंनुसं झालं. गावात घरं पडली आहेत आणि आपण दात काढतोय. बहिणीनं बघितलं. म्हणाली, "हस की. पुराच्या पाण्याला काय कळतंय तू हसतीस का रडतीस?"

त्या दिवशी मला कुणी थोर, गंभीर कादंबरी लावून दिली असती तर मी फोन परत दिला असता. ती भाची मराठी घेऊन एम.ए. करत होती तेव्हा. तिला मी नंतर विचारलं, असलं हलकंफुलकं आपल्याकडं नवीनच आहे का गं? तर ती म्हणाली, कुठलं नवीन! मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती 'यमुनापर्यटन' 1857 ची, तिच्यात विधवांचे हाल आहेत. आणि पुढं चारच वर्षांत, 1861 ला, 'मुक्तामाला' आली, मग 1868 ला 'मंजुघोषा'. या दोन्ही अद्भुतरम्य. म्हणजे सरांचा टोमणा दीडशे वर्षं उशिरा आला.

आता कोणती गोष्ट कोणत्या कामाला चालते याचं माझं गणित बसलं आहे. सरळ टिपा मारायच्या असतील तर प्रेमकथा. हुक-आय लावायला आणि तुरपाईला विज्ञानकथा, कारण मशीन बंद असते आणि नीट ऐकू येतं. ओव्हरलॉकवर काहीच नाही, त्या आवाजात नायक मेला तरी कळत नाही. आणि कटिंगला गोष्ट कधीच लावायची नाही. हा नियम मी ठेच लागून शिकले.

झालं असं. एका वहिनींचा पैठणीवरचा ब्लाऊज होता. पीस 80 सेंटिमीटरचा, त्यात त्यांना बाह्या कोपरापर्यंत आणि काठ बाह्यांना. काठ जुळवायचा म्हणून दोन बाह्या एकदम न कापता एकेक कापत होते. कानात गोष्ट चालू होती. एक तरुण चुकून साठ वर्षं मागं जातो आणि स्वतःच्याच पणजोबांच्या लग्नाच्या पंगतीत वाढपी म्हणून अडकतो. कुणाला जिलबी जास्त वाढली की इतिहास बदलतो आणि त्याचं एकेक बोट दिसेनासं होतं. विहीणबाई म्हणतात, "अहो, आग्रह करा की!" आणि हा पठ्ठ्या घामाघूम. मी हसत हसत कात्री चालवली.

शिवणकाम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. बाहीचा पुढचा मुंढा (काखेकडचा गोलवा) खोल असतो, मागचा उथळ. दोन बाह्या आरशात बघितल्यासारख्या एकमेकींच्या उलट यायला पाहिजेत. मी दुसरी बाही कापताना कापड उलटायचं विसरले. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या. शिल्लक कापड किती, तर गळ्याची पट्टी आणि दोन बोटं.

डोक्याला हात लावून बसले आणि एकाएकी मला नारळीकर आठवले. शाळेत असताना माझा थोरला भाऊ वाचनालयातून त्यांच्या विज्ञानकथा आणायचा आणि दिवे गेले की कंदिलात मोठ्यानं वाचायचा. त्यातली एक उजव्या सोंडेच्या गणपतीची. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो आणि एक क्रिकेटवालाही डाव्याचा उजवा की उजव्याचा डावा होतो. कारण काय, तर मोबियसच्या पट्टीसारखा पीळ. त्या वयात पट्टीचं कळलं नव्हतं, गणपतीचं कळलं होतं. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक सोवळ्याचा, त्याच्यापुढं गंमत चालत नाही, आणि या माणसानं नेमकी त्याच्याशीच गंमत केली होती.

तर त्या दिवशी मी काय केलं, अस्तराची एक लांब पट्टी कापली, तिला एक अर्धा पीळ दिला आणि टोकं टिपेनं जोडली. खडूनं मधोमध रेघ ओढत गेले. खडू न उचलता रेघ आतून बाहेरून फिरून पहिल्या जागी आली. कापडाला उलट-सुलट बाजू उरलीच नाही! मग त्या रेघेवरून कात्री चालवली. दोन पट्ट्या व्हायला पाहिजेत की नाही? झाली एकच, दुप्पट लांब. मी आत्याबाईंना हाक मारून दाखवली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 82. त्यांनी ती पट्टी हातात फिरवून बघितली आणि म्हणाल्या, "आणि ब्लाऊज कुठाय?"

नारळीकरांविषयी आणखी एक सांगते, भावाकडूनच ऐकलेलं. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःच्या नावातली अक्षरं त्यांनी उलटी लावली, ज. वि. ना. चं ना. वि. ज. केलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा बायकोकडून उतरवून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ असले पोरकट चाळे करतो, हे मला त्यांच्या सगळ्या पदव्यांपेक्षा जास्त आवडतं. 20 मे 2025 ला ते गेले त्या दिवशी भावाचा फोन आला, आणि आम्ही दोघं साठीच्या आसपासची माणसं बराच वेळ त्या गणपतीच्या सोंडेबद्दलच बोलत होतो.

प्रेमकथांचं म्हणाल तर तिथं माझी अडचण वेगळी आहे. आधी मी एकटी असले की गोष्ट मोठ्यानं लावायचे, गिऱ्हाईक आलं की कानात घ्यायचे, शिवणाऱ्या बाईच्या कानात कुणी कुणाचा हात धरतंय हे लोकांना कशाला कळू द्यायचं! पण एकदा मी एका ताईंच्या पाठीचं माप घेत होते, तेवढ्यात कानातलं यंत्र डिस्चार्ज झालं आणि फोन आपोआप मोठ्यानं बोलायला लागला. खणखणीत पुरुषी आवाजात, "तिच्या मानेवर रुळणारी बट त्यानं हलकेच बाजूला केली..." आणि माझ्या हातात टेप, ताईंच्या मानेशी. मी धडपडत फोन बंद केला. दुकानात क्षणभर शांतता. मग ताई म्हणाल्या, "पुढं?" आणि आतल्या खोलीतून आत्याबाई म्हणाल्या, "अगं लाव की, लग्न ठरलं का नाही त्यांचं?"

तेव्हा कळलं, आत्याबाई सहा महिने भिंतीपलीकडून ऐकत होत्या. आता गोष्ट उघडपणे लावते. त्यांचं म्हणणं, फडक्यांच्या कादंबरीतल्या नायिका टेनिस खेळायच्या, या निदान नोकरी करतात. ना. सी. फडके कोल्हापूरला राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते हे त्यांना अजून पाठ आहे. लहानपणी त्यांनी फडक्यांच्या कादंबऱ्या जोंधळ्याच्या कणगीत लपवून वाचल्या. आता दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, दिसतं ते धूसर. सलाईन कुणाला लागतं, हे सरांना इथंही बघायला मिळालं असतं.

पण खरी तक्रार माझी सरांशी नाही. ती आपल्या पुस्तकं बनवणाऱ्यांशी आहे. मराठी ऐकायला गेलं की भयकथा ढिगानं, खून ढिगानं, श्रीमंत व्हायच्या युक्त्या तर विचारू नका. हसतखेळत अद्भुत शोधायला गेलं की हाताला लागतात ती बाहेरून आणलेली आणि अंगाला न बसलेली भाषांतरं. ड्रॅगन, किल्ल्यातला सरदार, टोकदार कानांची माणसं. माझा त्यांच्यावर राग नाही, पण दुसऱ्याच्या मापाचा ब्लाऊज कितीही चांगला शिवलेला असो, काखेत ओढतोच.

आपल्याकडं काय कमी आहे? मुंजा आहे, हडळ आहे, खविस, झोटिंग, वेताळ, यक्ष, सगळे आहेत. आपण त्यांना फक्त घाबरवायच्या कामाला लावलंय. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, आम्ही दोनदा जाऊन आलो. तिथं नवसाला देवाला केळ्यांचा घड देतात आणि चपला देतात. या एवढाल्या चपला, माझा अख्खा हात मावेल. लोक सांगतात, वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो म्हणून त्या झिजतात. मी तिथं देवाला हात जोडून उभी होते आणि डोक्यात काय, तर याच्या पायाचं माप कुणी घेतलं असेल? ज्या कारागिरानं पहिल्यांदा घेतलं तो घाबरला असेल का, का म्हणाला असेल, "देवा, जरा पाय सरळ ठेवा"? आणि अंगठा चावतो म्हणून देव रात्री परत दुरुस्तीला आला असेल तर? ही गोष्ट मला लिहिता येत नाही. ज्याला येते त्यानं लिहावी. मी विकत घेऊन ऐकेन.

आता वाचणाऱ्यांविषयी, कारण पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि मध्येच वेतोबा आला.

छापील पुस्तकात अक्षर जरा बारीक असलं तरी गोष्ट बिघडत नाही. ऐकायच्या पुस्तकात वाचणारा बिघडला की सगळंच बिघडतं, आणि हलक्याफुलक्या गोष्टीत तर लगेच बिघडतं. दुःखाचा प्रसंग कुणीही आवाज खाली आणून वाचू शकतो. विनोद तसा वाचता येत नाही. वडिलांकडं मिरासदारांच्या कथाकथनाची कॅसेट होती. त्यांचं ते बेरकी थांबणं आठवा. वाक्य अर्धं सोडायचं, लोक हसायला लागले की हसू द्यायचं, आणि हसणं ओसरायच्या जरा आधी पुढचं वाक्य टाकायचं. त्यांच्यापुढं माणसं होती. बंद खोलीत माइकपुढं बसलेल्यासमोर कुणीच नसतं. सांगलीत एक बाई तुरपाई करता करता कुठं हसेल आणि किती वेळ हसेल, हे त्याला आंधळेपणानं ठरवावं लागतं. ज्यांना जमतं त्यांना माझा नमस्कार. एक बाई आहेत, त्या भुताच्या तोंडचं वाक्य असं काही सपाट, कंटाळलेल्या सरकारी आवाजात वाचतात की सुई बोटात जाते. पुस्तक कुणाचं हे न बघता मी त्यांचा आवाज बघून घेते.

आणि ज्यांना जमत नाही ते स्वतःच हसतात. किंवा मागं बासरी लावतात. प्रेमाचं वाक्य आलं की बासरी, भूत आलं की कुत्रं! गावाकडचा माणूस आला की सगळ्यांची एकच भाषा, "आवं पावनं" छापाची. मग तो सांगलीचा असो, लातूरचा असो नाहीतर भंडाऱ्याचा. आम्ही असं बोलत नाही हो. एका वाचकाला तर 'ज'चं वावडं होतं. "सारं जग तिच्या विरोधात होतं" हे वाक्य त्यानं असं वाचलं की माझ्या डोळ्यांपुढं पाण्याचे जग रांगेनं उभे राहिले, प्लॅस्टिकचे, झाकणाचे. पुढची दहा मिनिटं त्या बिचारीच्या दुःखाशी माझा काही संबंध उरला नाही.

अलीकडं काही ठिकाणी माणसाऐवजी यंत्राचा आवाजही ऐकला. उच्चार बरे असतात. पण "रु. 500" चं "रू पाचशे" होतं, आणि "असं का?" हे "असं का" होतं, म्हणजे प्रश्न विचारलाय का उत्तर दिलंय तेच कळत नाही. यंत्रमानवाच्या गोष्टीत यंत्रमानवाचं बोलणं तेवढं छान वठलं, हे कबूल करते.

भाचीनं मागं सांगितलं होतं की, इंग्लंडात अंधांसाठी 1935 मध्ये बोलकी पुस्तकं निघाली. तबकड्यांवर, एका बाजूला साधारण 25 मिनिटं. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेले सैनिकही ती ऐकायचे. आणि अगदी पहिल्या पुस्तकांत एक कोणतं होतं? अगाथा ख्रिस्तीबाईंची रहस्यकथा. कुणीही त्या सैनिकांना म्हणालं नाही की आधी तत्त्वज्ञान ऐका, मग गंमत. आत्याबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, पंचवीस मिनिटांत तबकडी उलटायला उठायचं तर तेवढं पुढं काय होतं याची ओढ पाहिजे."

तर संपादक महाराज, मागणं एवढंच. आपल्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांची ओळख येते. त्यात लेखक, अनुवादक, प्रकाशक, पानं आणि किंमत असते, मुखपृष्ठ कुणी काढलं तेही कधीकधी असतं. आठवड्याला ऐकायच्या एका पुस्तकाची ओळख त्यात द्या. पानांच्या जागी तास लिहा, म्हणजे किती ब्लाऊजचं पुस्तक आहे ते मला कळेल. साधारण आठ तासांची कादंबरी म्हणजे अस्तराचे चार, हा माझा हिशोब. आणि वाचणाऱ्याचं नाव लेखकाच्या नावाखाली, त्याच अक्षरात छापा. चांगलं वाचलं असेल तर चांगलं म्हणा, बासरी लावली असेल तर तेही लिहा. आणि हसवणारी पुस्तकं निवडताना जरा हात सैल सोडा, वर्षाला एखादं तोंडी लावण्यापुरतं नको.

निवृत्त सरांना माझा राग आलेला नाही हे कळवा. त्यांच्या घरी कुणाचे ब्लाऊज शिवायचे असतील तर पत्ता आपल्याकडं आहेच.

जाता जाता त्या दोन उजव्या बाह्यांचं काय झालं ते सांगायला पाहिजे. गळ्याच्या पट्टीतून वाचवलेल्या तुकड्याचा काखेत जोड दिला, मुंढा पुन्हा आखला आणि रात्री पावणेदोनला ब्लाऊज पुरा केला. बसला चोख. वहिनी लग्नात मिरवून आल्या आणि त्याच मापाचे आणखी दोन शिवून घेतले. जोडाचं त्यांना अजून माहीत नाही, आणि त्या गेली वीस वर्षं आपलाच पेपर घेतात. म्हणून पत्राखाली माझं नाव कृपया छापू नये.

आपली,
ब्लाऊज शिवणारी एक वाचक (आणि श्रोती)
गावभाग, सांगली